थोरल्या जावयांचं आधी

माणसं सात होती आणि माझ्या साडूची, प्रीतमची, गाडी सात सीटची होती. कोणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी म्हणालो, "आपलीही गाडी काढू या की."

हे वाक्य मी डोंबिवलीच्या आमच्या घरात, चहाचा कप हातात धरून, अगदी सहज बोललो. अक्षदा, म्हणजे माझी बायको, भाजी निवडायची थांबली.

"माळशेज घाट आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तू शीळफाट्याच्या पुढे कधी गाडी नेलेली नाहीस."

हे खरं होतं. पण शीळफाट्यापर्यंत मी पुष्कळदा गेलेलो आहे, आणि तिथला ट्रॅफिक ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की तिथे गाडी चालवावी लागतच नाही, नुसतं आत बसून राहावं लागतं. त्या कामात मी तरबेज आहे. (माजिवड्याच्या ऑफिसात इतकी वर्षं मी दुसरं काय करतोय?) शिवाय गाडी सेकंडहँड असली तरी माझी होती, आणि घेतल्यापासून ती सोसायटीच्या नारळाखाली उभी राहून झावळ्या झेलण्यापलीकडे काही करत नव्हती.

निमित्त धोंड्याच्या महिन्याचं होतं. दर तीनेक वर्षांनी पंचांगात अधिक महिना येतो आणि त्या महिन्यात सासू-सासऱ्यांना जावई विष्णूच्या जागी दिसायला लागतो. त्याला मुलीसकट पाटावर बसवायचं, लक्ष्मीनारायणाची जोडी समजून ओवाळायचं, ताम्हणात तेहतीस अनारसे घालून द्यायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. महिना संपला की विष्णू पुन्हा जावई होतो आणि आपल्या घरी जातो.

माझ्या वाट्याला हे विष्णुपद नीट कधी आलंच नाही. मागच्या खेपेला कोरोना होता. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, पण आमच्या फोनचा उलटा कॅमेरा चालू राहिल्यामुळे ते सगळं आमच्या फ्रीजला ओवाळलं गेलं. त्याच्या आधीच्या खेपेला माझ्या मेव्हणीचं, नीलमचं, नुकतंच लग्न झालं होतं. प्रीतम नवा जावई, म्हणून पाटावर तो. ऐन ओवाळणीच्या वेळी मला दही आणायला पाठवलं, कारण "सुदेशराव काय, घरचेच आहेत." या 'घरचेच'मध्ये किती अपमान मावतो हे ज्याला दही आणायला पाठवलं जातं त्यालाच कळतं.

या वेळी मात्र सासूबाई फोनवर अक्षदाला म्हणाल्या, "या वेळी थोरल्या जावयांचं आधी." फोन स्पीकरवर होता आणि मी भांडी पुसत होतो. ते ऐकून मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला भरून आलं. कुठेतरी, कधीतरी, कोणीतरी मला पहिला बसवणार होतं. आणि ते सान्वी बघणार होती. सान्वी माझी मुलगी. आठवीत आहे आणि हल्ली माझ्याशी फक्त चार्जर या विषयावर बोलते. तिने एकदा तरी आपल्या बापाला पाटावर बसलेला, कपाळाला कुंकू लावलेला, सगळे ज्याच्याकडे बघतायत असा पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. आणि विष्णू काही साडूच्या गाडीतून मागच्या सीटवर अंग चोरून येत नाही. त्याला स्वतःचं वाहन असतं. म्हणून गाडी.

रविवारी सकाळी आम्ही कल्याणला सासऱ्यांच्या दारात पोचलो. प्रीतमची ती मोठी पांढरी गाडी आधीच उभी होती. प्रीतम माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने माझी गाडी बघितली, तिच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, हिला घाटात घालताय? मानलं तुम्हाला."

जायचं होतं माळशेजच्या पलीकडे, ओतूरच्या अलीकडे. तिथे गावच्या जमिनीत सासऱ्यांनी निवृत्तीनंतर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलंय. धोंडा तिथेच करायचा, गुरुजी बाराच्या सुमाराला येणार, त्यांना पुढे आणखी घरं आहेत, तेव्हा उशीर नको, असं सासूबाईंनी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. आमच्या गाडीत मी, अक्षदा, सासू-सासरे आणि अनारशांचा डबा. सान्वी नीलममावशीबरोबर प्रीतमच्या गाडीत बसली. तिथे एसी मागच्या सीटपर्यंत पोचतो म्हणे.

माझे सासरे गुणाजीराव एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर त्यांनी घाटात बस चालवली आहे. मुरबादपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त मी ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय माझ्या आधी खाली जायचा. मुरबादच्या बाहेर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला, तेव्हा ते म्हणाले, "सुदेशराव, जरा बाजूला घ्या."

मी गाडी बाजूला घेतली.

"आज तुमचा मान आहे," ते म्हणाले. "मान असलेल्या जावयाने गाडी हाकायची, हे बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील? तुम्ही आरामात बसा."

"अहो, मला काही त्रास नाही."

"तुम्हाला नाही हो," सासूबाई मागून म्हणाल्या. सकाळपासून त्या पदराच्या आत जपमाळ ओढत होत्या, हे मला तेव्हा दिसलं. "पण आज तुम्ही देवाच्या जागी. देव कधी रथ हाकतो का?"

"कृष्णाने हाकलेला," मी म्हणालो.

"तो तिथे जावई म्हणून गेला नव्हता," सासरे म्हणाले आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

अशी माझ्याच गाडीतली माझी बढती झाली. मी अक्षदाकडे पाहिलं. घरी ती मला अरे-तुरे करते, माहेरच्यांसमोर अहो-जाहो. ती म्हणाली, "अहो, बसा ना. बाबा प्रेमाने म्हणतायत." आणि इतका मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ आली.

मी शेजारच्या सीटवर आलो. खरं सांगायचं तर गाडी आता फार सुंदर चालायला लागली. मला माहीतच नव्हतं की तिला चौथा गिअर आवडतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, लावणीला वाकलेली माणसं, मागे ढगात डोकं घातलेले डोंगर. मी हे सगळं बघायला लागलो तोच सासूबाई म्हणाल्या, "वळणं सुरू होतील आता. मला मागे मळमळतं."

मी मागे गेलो. डबा मांडीवर घेतला, कारण सीटवर ठेवला असता तर अनारसे मोडले असते आणि मोडके अनारसे विष्णूला चालत नाहीत. पायथ्याला चहाला थांबलो तेव्हा अक्षदा प्रीतमच्या गाडीत नीलमच्या शेजारी जाऊन बसली. दोघी बहिणींचं काहीतरी अर्धवट राहिलं होतं. ते त्यांचं लहानपणापासून अर्धवटच आहे.

घाटाच्या वर दाट धुकं होतं. कड्यावरून पाणी सरळ रस्त्यावर पडत होतं आणि त्याच्याखाली माणसं उभी राहून ओरडत होती. आमच्या दोन्ही गाड्या थांबल्या. सगळे उतरले. नीलम म्हणाली, "जिजू, कणसं आणता का? तुम्हाला चांगली निवडता येतात." मान असलेल्या जावयाने गाडी हाकायची नसते, पण कणसं आणायला हरकत नसावी. मी डबा सीटवर ठेवला आणि निघालो.

सात कणसं. अक्षदाला तिखट जास्त, लिंबू कमी. नीलमला लिंबू जास्त, तिखट नको. सासऱ्यांना मऊ, सासूबाईंना मीठ नुसतं दाखवायचं. प्रीतमला काहीही चालतं (म्हणूनच तो सगळ्यांना आवडतो). सान्वीला तिखट नको, लिंबू नको, काळं झालेलं नको. कणीसवाल्या मालनबाई निखाऱ्यावर पंख्याने वारा घालत होत्या आणि मी एकेक ऑर्डर पाठ म्हणत होतो. तेवढ्यात मागे शिट्ट्या ऐकू आल्या. धुकं वाढलं म्हणून पोलीस गाड्या हलवायला लावत होते. मी ऐकलं, पण सान्वीचं कणीस काळं व्हायला आलं होतं.

मी सात कणसं पानात गुंडाळून परत आलो तेव्हा तिथे दुसऱ्याच दोन गाड्या उभ्या होत्या.

काय झालं असेल हे मला तिथल्या तिथे कळलं. सासऱ्यांना वाटलं असणार, सुदेशराव साडूबरोबर बसले. प्रीतमच्या गाडीतल्यांना वाटलं असणार, हे अनारशांबरोबर बसले. दोन्ही गाड्यांत मी होतो. फक्त रस्त्यावर नव्हतो.

"मानसं गेली का तुमची?" मालनबाईंनी विचारलं.

"येतील आता."

"येतात की. परवा एकाची सासू ऱ्हायली व्हती हितंच. आले माघारी न्यायला."

"किती वेळात आले?"

"लगीच. सासूचं लगीच ध्यानात येतं."

मी त्यांच्या ताडपत्रीखाली बसलो. माझा फोन गाडीत होता, रस्ता दाखवायला लावलेला. (ज्यांनी आयुष्यभर त्या रस्त्यावर एसटी चालवली त्यांना तो रस्ता दाखवत होता.) मालनबाईंनी आपला फोन दिला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला अक्षदाचा नंबर येत नाही. सान्वीचा येत नाही. कोणाचाच येत नाही. जगात फक्त एक नंबर मला पाठ आहे, तो माझा. मी मला फोन लावला.

सासूबाईंनी उचलला. "हॅलो? कोण?"

"मी सुदेश बोलतोय."

"सुदेशरावांचाच फोन आहे हा. पण ते दुसऱ्या गाडीत आहेत."

"सासूबाई, मी सुदेशच बोलतोय. मी मागे राहिलोय."

"तेच सांगतेय ना, ते मागच्या गाडीत आहेत. नंतर करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर माझ्याशी संपर्क होऊ शकत नव्हता.

मग मी कणसं खायला लागलो. आधी प्रीतमचं खाल्लं, कारण तो परत येईल अशी अपेक्षाच नव्हती. मग नीलमचं. मग सासू-सासऱ्यांची, मग माझं. अक्षदाचं बराच वेळ हातात धरून ठेवलं. तिला तरी कळेल असं मला वाटत होतं. पंधरा वर्षं ज्याच्या घोरण्याबद्दल तक्रार केली तो माणूस शेजारी नाही, हे शांततेवरून तरी कळायला हवं. शेवटी तेही खाल्लं आणि त्यात तिखट फार होतं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी मालनबाईंना सांगितलं. तसं ते तिखटामुळे नव्हतं. मला वाईट वाटत होतं. समोर दरी होती, मधूनच धुकं फाटून खालचं हिरवंगार खोरं दिसत होतं, असं दृश्य बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि मी विचार करत होतो की मी इथेच राहिलो तर सोमवारी ऑफिसात तरी कोणाला कळेल का. सान्वीचं कणीस मात्र मी ठेवून दिलं.

बारा वाजून गेल्यावर मी रस्त्यावर हात दाखवायला लागलो. कल्याणच्या बाजारात भाजी उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरचं नाव देवराम.

"कुठं जायचं?"

"ओतूरच्या अलीकडे. सासरी."

"धोंड्याला?"

"हो."

मी मागे क्रेटांकडे निघालो, तसं देवरामने माझ्याकडे पाहिलं. कपडे भिजलेले, हातात एक कणीस. "मग मागं कशापायी चढता? जावई मानूस तुम्ही. पुढं या," तो म्हणाला आणि सीटवरचं फडकं झटकून दिलं. दिवसभरात जावई म्हणून मला मिळालेला तो पहिला मान होता आणि तो देणाऱ्याला माझं नावही माहीत नव्हतं.

घराजवळ उतरलो तेव्हा अंगणात पंगत उठत होती. माझी गाडी सावलीत नीट लावलेली होती, मला इतकी सरळ कधीच लावता आलेली नाही. प्रीतमची गाडी दिसत नव्हती. सासूबाईंनी मला पाहिलं आणि हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"अगं बाई, सुदेशराव आले. प्रीतमराव कुठे आहेत?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? ते तुम्हालाच शोधायला गेलेत घाटात. भेटले नाहीत?"

झालं. सगळं घर हवालदिल झालं. सासरे फोन लावायला लागले, प्रीतमला रेंज नव्हती. नीलमच्या डोळ्यांत पाणी. "एवढ्या धुक्यात एकटे गेलेत हो ते," ती म्हणाली.

"मीही धुक्यात एकटाच होतो," मी म्हणालो.

"जिजू, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही एका जागी बसला होतात."

अक्षदाने मला टॉवेल दिला. हळूच म्हणाली, "घाबरले होते मी. पाट मांडताना कळलं. आई म्हणाली, सुदेशरावांना कोण नेणार आहे, येतील." मी सान्वीला कणीस दिलं. तिने ते हातात घेऊन पाहिलं. "थंड झालंय, बाबा," ती म्हणाली, आणि तरी दोन दाणे खाल्ले. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं.

थोड्या वेळाने प्रीतम आला. त्याने म्हणे प्रत्येक टपरीवर माझा फोटो दाखवून चौकशी केली होती. मालनबाई त्याला म्हणाल्या, ते काय, सहा कणसं खाऊन गेले. हे ऐकून सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई प्रीतमला पाणी द्यायला धावल्या, सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला शोधून न सापडल्याबद्दल त्याचं इतकं कौतुक झालं की सापडलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे.

सगळं शांत झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. "मग आता माझं?"

"काय तुमचं?" सासूबाई म्हणाल्या.

"धोंडा. या वेळी थोरल्याचं आधी म्हणाला होतात."

"आधीच केलं की. मी शब्दाची पक्की आहे. पहिलं तुमचं झालं, मग प्रीतमरावांचं, मग ते तुम्हाला शोधायला गेले."

मला काही कळेना. तेव्हा सासऱ्यांनी समजावून सांगितलं. गुरुजी थांबायला तयार नव्हते, त्यांना पुढची घरं होती. ते म्हणाले, पूजेला बायको हजर नसली तर नवऱ्याजवळ सुपारी ठेवतात, ती बायको समजायची. मग जावई हजर नसला तर तेच करू. शास्त्र दोन्हीकडे लागतं. म्हणून थोरल्या जावयाच्या पाटावर विड्याच्या पानावर सुपारी ठेवली. तिला कुंकू लावलं, ओवाळलं, माझ्यासाठी आणलेल्या शर्टपीसची घडी तिच्यापुढे ठेवली, अनारशांचं ताम्हण तिला दिलं आणि धोंड्याचा घासही तिच्यापुढे धरला.

"आणि अनारसे?"

"ते गुरुजींनी नेले. सुपारी काय खाणार?"

"मग पुन्हा एकदा करता येणार नाही का?"

"असं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "एका जावयाला दोनदा? प्रीतमरावांना काय वाटेल?"

मी ओटीवर जाऊन बसलो. सान्वी येऊन शेजारी बसली. (चार्जर मागायला.) जाता जाता तिने मला फोटो दाखवले. फॅमिली ग्रुपवर ते केव्हाच गेले होते. एका फोटोत दोन पाट. एकावर ती सुपारी, दुसऱ्यावर अक्षदा. हिरवी पैठणी नेसलेली, नाकात नथ, आणि शेजारच्या पाटाकडे बघून हसत होती. मी तो फोटो मोठा करून पाहिला. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलेलं नव्हतं. आमच्या बाकीच्या फोटोंत ती माझी कॉलर नीट करत असते, नाहीतर मला डोळे उघडे ठेवायला सांगत असते.

परत येताना गाडी सासऱ्यांनीच चालवली. अक्षदा मागे माझ्या शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, "फोटोत एवढी कशाला हसत होतीस?"

"गुरुजी म्हणाले, नवऱ्याकडे बघून हसा. मी बघितलं, तर हसू आलं."

"का?"

तिने थोडा विचार केला. "काही नाही. बरं वाटलं. कितीतरी वेळ मध्येच काही बोलत नव्हतात तुम्ही."

तो फोटो तिने डीपी म्हणून ठेवलाय. मी काढायला सांगितलं नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाने तो बघून मला कळवलं की वहिनी छान दिसतायत. ठाण्याच्या आतेसासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही, त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "जोडा शोभतो. सुदेशराव जरा बारीक झालेत, पण चेहऱ्यावर तेज आलंय." त्याखाली एकोणीस अंगठे आहेत. त्यातला एक सान्वीचा आहे, आणि एक चुकून माझाही पडला.